दोन स्वल्पविरामांच्या मधे

चोपडा डेपोत सतरा गाड्यांना मी डबी बसवली.
ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीत, पाण्याच्या बाटलीमागे,
चार स्क्रू, दोन वायरी, एक सिम.
हिलाल कोळी म्हणाले, "तुनी डबी काय कामनी, भाऊ?
गाडी कठे शे ते मना हात माले सांगतस."

मी त्यांना नियम सांगितले.
दर दहा सेकंदांनी एक ओळ निघते:
गाडीचा नंबर, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, वेग,
इंजिन चालू की बंद,
आणि शेवटी सगळ्या अक्षरांची बेरीज.
वाटेत एक जरी सांडलं, तरी जळगावच्या मशीनला कळावं म्हणून.
वेळ मात्र आपली नाही, ग्रीनिचची.
सकाळी साडेपाचची लासूर गाडी
तिच्या लेखी रात्री बाराच्या ठोक्याला सुटते.
"म्हंजे मी जपू कधय?" हिलालभाऊंनी विचारलं
आणि फडक्यानं काच पुसत राहिले.

एक नियम मी त्यांना सांगितला नाही.
तो मला एकट्याला आवडतो.
माहिती नसेल तर जागा कोरी ठेवा,
पण स्वल्पविराम गाळू नका.
दोन स्वल्पविराम शेजारी शेजारी,
मधे काहीच नाही,
आणि तरी तिथं काहीतरी असायला हवं होतं
हे पलीकडच्याला समजतं.

लासूर मागे पडलं, केळी संपली
की टॉवरची एकेक काडी विझत जाते.
पुढे सातपुडा.
डबी घाबरत नाही. ओळी पोटात ठेवते,
काडी परत पेटली की जुनीपासून एकेक सोडते,
प्रत्येकीच्या कपाळावर 'ताजी' नाही, 'जुनी' असं लिहून.

त्या गुरुवारी मुक्कामी गाडी
सकाळी सव्वासहाला डोंगर उतरली
आणि माझ्या पडद्यावर अख्खी रात्र ओतली.
वेग शून्य. वेग शून्य. वेग शून्य.
घोरणाऱ्या माणसासारख्या ओळी, मी चहा घेत सरकवत होतो.
वीस चाळीस. तारीख आदल्या दिवसाची.
म्हणजे इकडे रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
इंजिन चालू.
वेग नऊ, बावीस, एकतीस,
रस्ता ठरलेला नाही, दवाखान्याकडचा.
मग मधेच, ना गाव ना थांबा,
वेग शून्य, इंजिन चालू,
सहासष्ट ओळी.
अकरा मिनिटं.

जळगावहून लाल पट्टी आली: अनधिकृत फेरी, चौदा किलोमीटर, कारण द्या.
कारणाच्या रकान्यात चारच पर्याय:
बिघाड, अपघात, रस्ता बंद, इतर.

कंट्रोलर बाविस्करांनी त्यांचं रजिस्टर उघडलं,
ज्याला अजून 'शेरा' नावाचा रुंद रकाना आहे,
आणि कंडक्टर सुपडूला समोर उभं केलं.
बारेल्यांची सून. कळा बाराला सुरू झालेल्या.
ॲम्ब्युलन्सला फोन लागेना.
(लागणार कसा? डबीलाही तिथं कोणी ऐकत नव्हतं.)
गाडीत चढताना ती आणि सासू, दोघी.
दवाखान्याशी उतरताना तिघं.
"तिकीट?" बाविस्करांनी मान वर न करता विचारलं.
"दोन फाडं. पाच वरीसना आतला फुकट शे ना, साहेब."
बाविस्करांनी तेवढंच लिहिलं, तारखेसकट,
आपल्या तारखेसकट.

मी 'इतर' दाबलं.
दोन सेकंदांत उलट टपाली एक ओळ: मिळाले.
बेरीज बरोबर होती.

संध्याकाळी हिलालभाऊ डिझेल भरायला आले.
"काय म्हननी तुनी डबी?"
"म्हणाली, वेग शून्य, इंजिन चालू."
त्यांनी जरा विचार केला.
"खरं शे," म्हणाले. "बॅटरी जुनी.
आतला दिवा जोयजे व्हता."